जुन्या स्पीकरची जोडी वाजती करायची तर

१९८०च्या आसपासचे, आठ इंची वूफर (जाड सूर वाजवणारा मोठा गोल) असलेले लाकडी स्पीकर अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असतात. टेप डेक भंगारात गेला, ॲम्प्लिफायर कुणीतरी नेला, स्पीकर तेवढे राहिले, कारण एवढं जड लाकूड टाकायला जीव होत नाही. लावून बघावं तर घरघर येते, नाहीतर एक बाजू मुकीच. अशी जोडी बहुतेक वेळा मेलेली नसते. वूफरच्या कडेची फोमची रिंग विरघळलेली असते आणि आतला एखादा कपॅसिटर सुकलेला असतो. मॅग्नेट, कॉइल (मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी), लाकूड हे सगळं ठणठणीत असतं. म्हणून पैसे घालायचे ते रिंग आणि कपॅसिटर या दोनच गोष्टींवर. बाकीचं काम घरातल्या सामानात आणि दोन-तीन सुट्ट्यांत उरकतं.

इथे साधा टू-वे स्पीकर धरला आहे: एक आठ इंची वूफर, वर बारीक सुरांसाठी एक छोटा ट्वीटर, मागे वायर जोडायला दोन टर्मिनल. थ्री-वे, म्हणजे मधल्या सुरांसाठी तिसरा गोल असेल तर कामं तीच, फक्त कपॅसिटर वाढतात.

घेण्याआधी, खोलण्याआधी

एक पेन्सिल सेल, वायरचे दोन तुकडे आणि मल्टिमीटर एवढं जवळ हवं.

आधी पुढची जाळी काढून वूफर नीट बघा. कोनच्या (वूफरचा हलणारा कागदी किंवा प्लॅस्टिकचा भाग) कडेच्या रिंगला बोट लावलं आणि काळा चिकट भुगा हाताला आला, की ती गेली समजा. विकत घेत असाल तर हा दोष भाव पाडायच्या कामाचा आहे. रिंग रबराची किंवा कापडाची असेल तर ती सहसा शाबूत असते. तिला काही लावू नका, ‘मऊ राहावी’ म्हणून तेल तर मुळीच नाही. तेलाने रबर फुगतं आणि गोंद सुटतो.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबा, फार तर २-३ मिमी. तो आवाज न करता आत जाऊन परत यायला हवा. खर्रखर्र आली तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. मात्र फोम गेलेल्या वूफरचा कोन आधार नसल्याने एका बाजूला कललेला असतो, म्हणून त्याला बोटांनी मधोमध धरून पुन्हा दाबून बघा. मधोमध धरल्यावर आवाज गेला तर काळजी नाही. कसाही धरला तरी अडकत असेल तर कॉइल जळून फुगली आहे, किंवा स्पीकर कधीतरी पडून मॅग्नेट सरकला आहे. असा वूफर नवशिक्याने सोडून द्यावा.

मीटर ओहमवर ठेवून मागच्या टर्मिनलवर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते पावणेचार. हा आकडा फक्त वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर बसलेला असल्याने मीटरचा करंट तिथपर्यंत पोचत नाही, तेव्हा इथे आकडा बरोबर आला म्हणून ट्वीटरही चांगला आहे असं धरून चालू नका.

सेलची चाचणी अशी: सेलच्या वायरी टर्मिनलला क्षणभर टेकवा. टक् आवाज होऊन कोन बाहेर उडाला तर सेलचा प्लस ज्या टर्मिनलला आहे तेच स्पीकरचं प्लस. आत गेला तर उलट. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नका, आणि सेल ट्वीटरला थेट लावू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी किंवा मुंबईत चोर बाजारात घेत असाल तर दोन्ही जाळ्या काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन डब्यांत दोन जातींचे वूफर निघाले तर ती जोडी नव्हेच. कॉइलपाशी जळका वास येत असेल, किंवा पार्टिकल बोर्डाचा तळ ओल लागून पिठासारखा सुटत असेल, तरीही ती जोडी घेऊ नका. जळालेली कॉइल रिकोनिंगवाल्याकडे (कोन-कॉइल नवी घालून देणारा) बदलून मिळते, पण त्याच्याकडचा माल बहुतेक बँड-डीजेच्या स्पीकरचा असतो. जाड कोन बसला की घरगुती वूफरचा आवाज बदलतो. शिवाय गणपतीच्या आधीच्या महिन्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते.

सामान

दोन वूफरच्या मापाच्या फोम रिंगा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरा फेव्हिकॉल, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, कापसाच्या काड्या, एक बारीक ब्रश, कपड्यांचे डझनभर चिमटे, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० सोल्डर. कपॅसिटर डबा उघडल्याशिवाय आणू नका, कारण त्याचं माप (किती मायक्रोफॅरड) आत त्याच्यावर छापलेलं असतं. अल्कोहोलऐवजी सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन गोंदाला चिकटू देत नाही. थिनरही नको. तो कागदातून झिरपत जाऊन कॉइलचा गोंद सोडवतो आणि प्लॅस्टिकचा कोन वितळवतो.

वूफर बाहेर काढणं

डबा आडवा, तोंड वर करून ठेवा. एका डब्याचं काम पूर्ण होईपर्यंत दुसरा उघडू नका. कुठली वायर कुठे होती याचा उतारा म्हणून तो उपयोगी पडतो.

नवशिक्यांचे कोन सर्वात जास्त फाटतात ते इथे, रिंग बसवताना नव्हे. स्क्रू काढताना मॅग्नेट स्क्रूड्रायव्हरचं टोक खेचून घेतो आणि ते थेट कागदात घुसतं. म्हणून कोनवर जाड पुठ्ठ्याचा गोल तुकडा ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला दुसऱ्या हाताचा अटकाव द्या. स्क्रू निघाले तरी वूफर जुन्या गॅस्केटला चिकटून बसतो. तो पुढून उचकटू नका. ट्वीटर आधी काढून त्या भोकातून हात घाला आणि मागून हलकेच ढकला.

वायर काढण्याआधी फोटो घ्या आणि वूफरच्या प्लसवर लाल खूण करा. फ्रेमची वरची बाजू कुठली होती तेही पेन्सिलीने लिहा. वर्षानुवर्षं उभा राहिलेला कोन स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, म्हणून परत बसवताना वूफर १८० अंश फिरवून बसवायचा आहे.

फोम रिंग: माप

‘आठ इंची रिंग द्या’ म्हणून मागितली की चुकीची येण्याची शक्यताच जास्त. आठ इंच हे फ्रेमचं माप आहे. कोन कुणाचा १४५ मिमी असतो, कुणाचा १५५. चार मापं घ्या: कोनच्या कागदाचा व्यास, रिंगच्या फुगीर भागाचा आतला व्यास, त्याचाच बाहेरचा व्यास, आणि फ्रेमवर ती जिथे चिकटते त्या सपाट पट्टीचा बाहेरचा व्यास. फोम पूर्ण गळून गेला असेल तर कोनवर आणि फ्रेमवर राहिलेल्या जुन्या गोंदाच्या वर्तुळावरून मापं निघतात. रिंग कोनच्या वरून चिकटवलेली होती की खालून, तेही बघून ठेवा. ही मापं ऑनलाइन विक्रेत्याला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या स्पीकरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला सांगा. कोन प्लॅस्टिकचा आहे की कागदाचा हेही सांगा.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेला फोमऐवजी रबरी रिंग घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. फोम हवेतल्या ओलाव्यानेच विघटित होतो, त्यामुळे रबर जास्त टिकतं हे खरं. पण ते जड आणि ताठ असतं, कोनचं हलणं बदलतं आणि बेस आखडतो. मूळ फोम होता तर फोमच लावा.

जुना फोम काढणं

हेच काम सर्वात कंटाळवाणं आहे, एका वूफरला तास-दीड तास सहज जातो. फ्रेमवरचा भुगा लाकडी काडीने खरवडा, मग कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून दोन मिनिटं थांबा आणि मऊ झालेला गोंद सोलून काढा. फ्रेमवर सँडपेपर घासू नका. लोखंडाची भुकटी स्पायडरच्या (कोनच्या मागे कॉइलला मधोमध धरणारं नागमोडी कापड) जाळीतून मॅग्नेटच्या फटीत गेली तर ती परत निघत नाही.

कोनवर हात हलका ठेवा. कागदी कोनला अल्कोहोल थोडंच लावा, तेही कडेच्या पाच-सहा मिमीपुरतं. काडी कोनच्या मधून बाहेरच्या दिशेने ओढा आणि कडेला खालून बोटाचा आधार द्या. जुन्या गोंदाचा पातळ, सपाट थर राहिला तर राहू द्या. तो पूर्ण काढायच्या नादात कागदाची कड कुरतडली जाते. कागद फाटलाच तर डिप चहाच्या पिशवीचा कागद रिकामा करून, वाळवून, निम्मं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने मागून चिकटवा. तो पातळ असतो, तंतू लांब असतात आणि वजन जवळजवळ नसतंच.

नवी रिंग चिकटवणं

दोन टप्पे, दोन दिवस. दोन्ही कडा एका बैठकीत चिकटवायचा मोह आवरा. तसं केलं की कोन तिरका बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

पहिल्या दिवशी रिंग फक्त कोनला चिकटवा. आधी कोरडी ठेवून बघा. फुगीर भाग कोनच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर यायला हवा. मग कोनच्या कडेवर आणि रिंगच्या ओठावर (तिची चिकटवायची सपाट कड) फेव्हिकॉलचा पातळ थर ब्रशने द्या, रिंग बसवा आणि बोटाने गोल फिरत दाबत राहा. पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला एक फेरी, कारण ओठ जागोजागी उचलला जातो. बाहेर आलेला गोंद ओल्या कापसाने लगेच पुसा. वाळायला २४ तास द्या, पावसाळ्यात आणखी एक दिवस.

कोन प्लॅस्टिकचा असेल तर पांढरा फेव्हिकॉल धरत नाही. तिथे फेव्हिकॉल एसआरसारखा रबरी गोंद लागतो: दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग जोडायचं. हा गोंद टेकला की सरकत नाही, म्हणून नेम आधी धरा. फेव्हिक्विक मात्र कशालाच नाही. तो काचेसारखा कडक वाळतो आणि हलणाऱ्या कडेला तडकतो.

दुसऱ्या दिवशी फ्रेमची बाजू. इथे पांढरा फेव्हिकॉलच, कारण सरकवायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि सगळा खेळ त्या मिनिटांचा आहे. फ्रेमवर गोंद लावा, ओठ टेकवा. आता वूफर कमी आवाजात ॲम्प्लिफायरला जोडून मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून ३० हर्ट्झचा सूर सोडा. कोन दोन-तीन मिमी आत-बाहेर होईल एवढाच. कान जवळ नेला तर नुसती हवेची धपधप ऐकू यायला हवी. खरखर आली तर ज्या बाजूने घासतंय असं वाटतं तिथून ओठ एक-दीड मिमी सरकवा आणि पुन्हा ऐका. खरखर थांबली की सूर बंद करा, चारी बाजूंनी चिमटे लावा, मग सूर परत एकदा सोडून खात्री करा, कारण चिमट्यांच्या ओढीने मध्य हलतो. पुन्हा २४ तास.

तेवढ्यानेही खरखर जात नसेल तर दुसरी पद्धत आहे: कोनच्या मधोमधची गोल टोपी, म्हणजे डस्ट कॅप, धारदार ब्लेडने कापून कॉइल आणि मधल्या खांबाच्या फटीत जुन्या फोटो निगेटिव्हच्या चार पट्ट्या उभ्या सरकवायच्या, रिंग चिकटवायची, वाळल्यावर पट्ट्या काढायच्या. मध्य अचूक मिळतो, पण कॅप परत चिकटवावी लागते आणि उघड्या फटीत कचरा जायची भीती असते. पहिल्याच वूफरला हा घाट घालू नये.

पोराटोरांनी बोटाने दाबलेली डस्ट कॅप सेलोटेपची पट्टी चिकटवून सावकाश ओढली की बहुतेक वेळा वर येते. आवाजात फरक पडत नाही, फक्त बरी दिसते.

क्रॉसओव्हर: कपॅसिटरचं काम पंख्याचा करतो

क्रॉसओव्हर म्हणजे जाड सूर वूफरकडे आणि बारीक ट्वीटरकडे वाटून देणारी जोडणी. ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर जाड सूर अडवतो आणि बारीक सोडतो. जुन्या डब्यात तो बहुधा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस नसलेला, आत ओलसर द्रव असलेला) असतो आणि ३०-४० वर्षांत सुकतो. मग ट्वीटर मंद वाजतो, आवाजावर कांबळं टाकल्यासारखा. मीटरला कपॅसिटन्सची सोय असेल तर एक पाय सोडवून मोजा. ४.७ छापलेला ६ किंवा ७ मायक्रोफॅरड दाखवत असेल तर तोही गेलेलाच. दोन्ही डब्यांतले सोबतच बदला, नाहीतर गाणं एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं.

‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून विकले जाणारे महागडे कपॅसिटर या बजेटमध्ये विसरा. छताच्या पंख्याचा कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा (प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचा) असतो, ४४० व्होल्ट एसीचा, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. डबा मोठा आणि दिसायला ओबडधोबड, पण स्पीकरच्या पोटात त्याला कोण बघतंय? त्यांची मापं २.२५, २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड अशी असतात, आणि समांतर जोडले की बेरीज होते. ४.७ हवा असेल तर २.२५ आणि २.५ मिळून ४.७५. ६.८च्या जागी ३.१५, २.५ आणि १ चा एखादा छोटा पॉलिएस्टर, म्हणजे ६.६५. छापील मापाच्या पाच टक्क्यांत राहा आणि दोन्ही बाजू एकमेकांशी त्याहून जवळ ठेवा.

‘मोठा घातला तर जास्त वाजेल’ हा हिशेब अंगाशी येतो. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड साधारण ४२०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरवायला लागतो. १० घातला की तीच सीमा २००० वर येते आणि ट्वीटरला न पेलणारे सूर त्याच्या बारीक कॉइलवर जातात. आवाज वाढवला की काही मिनिटांत कॉइल जळते.

फिल्म कपॅसिटर लावल्यावर ट्वीटर आधीपेक्षा तिखट वाटू शकतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिकच्या अंगात थोडा रेझिस्टन्स असतो, फिल्मच्यात तो नसल्यात जमा. फार टोचत असेल तर कपॅसिटरच्या मागोमाग ०.४७ किंवा १ ओहमचा, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घाला. मोठ्या मापाला, म्हणजे थ्री-वेमधल्या ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरडला, फिल्म परवडत नाही. तिथे नवा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिकच घ्या. तो नाही मिळाला तर दुप्पट मापाचे दोन साधे पोलर (प्लस-मायनसवाले) कपॅसिटर, मायनसला मायनस जोडून, एकामागे एक लावा. ६३ व्होल्टचे पुरतात: ५० वॅटचा ॲम्प्लिफायरसुद्धा ८ ओहमला जेमतेम २८ व्होल्टचं शिखर देतो.

तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या जवळपास कधीच बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका. ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची खुंटी असेल तर ती कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा फिरवा. ट्वीटर मेला असं वाटण्यामागे कित्येकदा हीच गंजलेली खुंटी असते.

ट्वीटर

खोललेल्या ट्वीटरवर मीटर लावा. आकडा आला तर चांगला. काहीच आलं नाही तर कॉइलकडे जाणारी बारीक तार सोल्डरपाशी तुटली आहे का बघा, नाहीतर बदली. बदलायचा तर दोन्हीकडचा, त्याच ओहमचा आणि त्याच भोकात बसणारा. मऊ घुमटाला बोट लावू नका.

डबा

आत हात घालण्याआधी टॉर्च मारा. पुढे भोक असलेल्या डब्यात उंदराचं घरटं निघणं नवलाचं नाही. आतली काचेची लोकर पिवळी, टोचणारी असते, तिला मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावा. कापूस असेल आणि त्याचे गोळे झाले असतील तर तो काढून त्याच जागी, तेवढाच, उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर घाला.

बिनभोकाचा डबा हवाबंद असावा लागतो. १९५४मध्ये एडगर व्हिल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीच्या एआर-१ या स्पीकरमध्ये बंद डब्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून छोट्या डब्यातून मोठा बेस काढला, आणि पुढचे असंख्य बंद डबे त्याच तत्त्वावर चालले. गळती असली की ती स्प्रिंग जाते, बेस पातळ होतो आणि फटीतून फुसफुस येते. वूफरच्या आणि ट्वीटरच्या फ्रेमखाली दाराला लावतात ती पातळ फोमची चिकटपट्टी लावा. मग वूफर हळूच दाबून सोडा: कोन सावकाश परत आला तर डबा बंद आहे, झटकन आला तर कुठेतरी गळतंय.

सुटलेला व्हिनियर परत बसवायला त्याखाली फेव्हिकॉल लावून वाळू द्या आणि वरून सुती कापड ठेवून इस्त्री फिरवा. उष्णतेने वाळलेला गोंद पुन्हा धरतो. फुगलेल्या पार्टिकल बोर्डात पाणी घातलेला फेव्हिकॉल ओतू नका, तो आणखी फुगेल. ॲराल्डाइट भरून, प्लॅस्टिक लावलेल्या दोन फळ्यांत शिकंजाने आवळा. सागाच्या व्हिनियरला अळशीचं तेल छान उठाव देतं, पण तेलाचा बोळा चुरगाळून टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

जाळीचं नवं कापड निवडताना तोंडाला लावून फुंका. फुंकर आरपार गेली तरच घ्या.

जोडणी आणि पहिला दिवस

टर्मिनलवरचा गंज बारीक सँडपेपरने काढा, पण वूफर दुसऱ्या खोलीत ठेवून. वायर लाल खुणेप्रमाणे सोल्डर करा, वूफर वरची बाजू खाली येईल असा फिरवून बसवा, स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. पार्टिकल बोर्डात स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या घाला.

ॲम्प्लिफायर जुना असेल तर गाणं न लावता, आवाज शून्यावर ठेवून त्याच्या आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर लावू नका. नवी फोम रिंग ताठ असते, त्यामुळे पहिले काही तास बेस कमी वाटेल. तेवढा वेळ मध्यम आवाजात वाजवा.

शेवटी दोन्ही डबे समोरासमोर तोंड करून, वीतभर अंतरावर ठेवा आणि ढोलकी किंवा बेस गिटार भरपूर असलेलं गाणं मोनोत (दोन्हीकडे एकच आवाज) लावा. एका स्पीकरच्या मागच्या वायरी उलट करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत ठोका पोटात जाणवतो ती बरोबर. दुसरीत तो कुठेतरी विरून जातो. बरोबर जोडणी सापडली की दोन्ही डब्यांच्या प्लस टर्मिनलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या.